चार इनपुटांवर ड्रम कसे घ्यावेत?

फोंडा_बेस: बँडचं स्वतःचं गाणं घरीच रेकॉर्ड करतोय. ऑडिओ इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणारी पेटी) चारच इनपुट. चाचणीत स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा छोटा ड्रम) पोकळ वाजतो. काय चुकतंय?

मांडवीकाठ: फेज. म्हणजे एकच आवाज वेगवेगळ्या माइकांत पुढेमागे पोचतो आणि एकमेकांना खातो. एक माइक किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअरला, दोन ड्रमसेटच्या वर. वरच्या दोन्हींचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा. तरी पातळ वाटला तर स्नेअर ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. भरीव वाटेल ती ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर, पीक (सगळ्यात मोठ्या आवाजाची पातळी) उणे १० डीबीच्या आसपास.

त्याआधी क्लिकवर (मेट्रोनोमची टिकटिक) कच्ची गिटार आणि गायन घ्या, तेच ड्रमरच्या हेडफोनमध्ये द्या. टेम्पो तेव्हाच पक्का करा. ड्रम झाल्यावर ४ बीपीएम (मिनिटाला ठोके) बदलायचे म्हटले तरी बहुतेक सगळं पुन्हा वाजवावं लागतं.

फोंडा_बेस: आणि बेस?

मांडवीकाठ: थेट इंटरफेसच्या हाय-झेड इनपुटला (गिटार-बेस थेट जोडायचं इनपुट).

कौलारू: पावसाळ्यात करणार असाल तर जपा. कौलांवरचा पाऊस वरच्या माइकांत शिरतो, नंतर नीट निघत नाही. दमट हवेत अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात. प्रत्येक टेकआधी ट्यून करा.