अभिनिवेश : हट्ट की मरणाची भीती?

शब्दशोधक : 'पक्षीय अभिनिवेश न बाळगता' हे वर्तमानपत्रात रोज वाचतो. पतंजलींच्या योगसूत्रांच्या मराठी टीकांत (स्पष्टीकरणग्रंथांत) मात्र अभिनिवेश म्हणजे मृत्युभय असा अर्थ देतात. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे?

सूत्रपाठी : धातू विश्, म्हणजे शिरणे. अभि आणि नि लागले की आत शिरून घट्ट बसणे. मताला घट्ट बसलात की हट्ट, देहाला बसलात की जगण्याची चिवट आस. 'आवेश'ही विश् वरूनच आला, पण तो चढतो आणि उतरतो. अभिनिवेश मुक्काम ठोकतो.

मृत्युभय हा अर्थ ढोबळमानाने चालेल, काटेकोर नाही. सूत्र २.९ मध्ये 'मृत्यू' नाही, 'भय'ही नाही: स्वरसवाही विदुषोऽपि तथारूढोऽभिनिवेशः, म्हणजे आपल्याच ओघाने वाहणारा, विद्वानालाही तसाच जडलेला तो अभिनिवेश. सूत्रांवरचे जुने व्यासभाष्य ही आस शब्दांत मांडते: 'मा न भूवं, भूयासम्', मी नसेन असे न होवो, मी असावे. भीतीसाठी भाष्यात 'मरणत्रास' हा वेगळा शब्द आहे. मूळ रोग चिकटणे, भीती हे त्याचे लक्षण.

शब्दशोधक : 'विदुषोऽपि' खटकते. ज्ञान झाल्यावरही भीती राहणार असेल तर आत्मज्ञानाचा उपयोग काय?

सूत्रपाठी : इथला विद्वान म्हणजे आत्मज्ञानी नव्हे. व्यासभाष्याचे टीकाकार वाचस्पति मिश्र स्पष्ट करतात की ऐकून आणि अनुमानाने ज्याला विवेक (आत्मा आणि चित्त वेगळे, हा भेद) कळला आहे, तो. गीतेचा दुसरा अध्याय तोंडपाठ असूनही छातीत कळ आली की घाम फुटतो, तो हाच. उपायही दोन पायऱ्यांचा आहे. उघड झालेल्या वृत्ती ध्यानाने जातात (२.११). सूक्ष्म बीज प्रतिप्रसवाने, म्हणजे चित्त आपल्या कारणात विरल्यावरच जाते (२.१०).

अभिनिवेश हा योगसूत्रांतल्या पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला पिडणाऱ्या दोषांपैकी एक: अविद्या, अस्मिता (मीपणा), राग (आसक्ती), द्वेष, अभिनिवेश. क्लेशांच्या चार अवस्थाही (२.४) इथे लक्षात ठेवाव्यात: प्रसुप्त (झोपलेला), तनू (क्षीण), विच्छिन्न (मधूनमधून दबणारा), उदार (पूर्ण जागा). प्रकृती ठणठणीत असताना 'मला मरणाची भीती नाही' म्हणणाऱ्याचा क्लेश बहुधा नुसता झोपलेला असतो.

उपनिषदप्रेमी : वेदान्ताची वाट थोडी वेगळी आहे. बृहदारण्यक उपनिषदात (१.४.२) सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला प्रजापती घाबरतो. मग विचार करतो, माझ्याखेरीज दुसरे काही नाही तर मी भितो कशाला? तेवढ्याने भीती जाते. 'द्वितीयाद्वै भयं भवति', भीती दुसऱ्यापासूनच होते.

अभ्यास दृग्दृश्यविवेकाचा, म्हणजे पाहणारा आणि पाहिले जाणारे वेगळे ओळखण्याचा. आधी शरीर पाहावे: ते जाणवते, म्हणून ते दृश्य. मग श्वास, मग विचार, यांनाही तोच न्याय. शेवटी भीतीच पाहावी. छातीतली धडधड जाणवते आहे, 'मी संपेन' हा विचारही जाणवतो आहे. ज्याला हे जाणवते तो यांपैकी कोणी नाही. घाई नको. शरीरावरची पायरी पक्की होण्याआधी भीतीला हात घातला की माणूस भीतीतच वाहून जातो.

बहुतेक जण अडतात ते 'मी देह नाही' याचा जप करून. जपाने भीती दबते, कळत नाही. भीती हटवायची धडपड म्हणजे तिच्याशी झुंज, आणि झुंजणारा पुन्हा देहालाच धरून बसलेला. काही जण देहाची किळस बाळगतात. तो तर द्वेष, क्लेशांच्या यादीतला चौथा! अभिनिवेश पाचवा.

सगळ्यांत फसवी चूक मात्र 'आत्मा अमर आहे' याने मिळणाऱ्या दिलाशाची. हे नाव, या आठवणी, ही नाती असलेला 'मी' पुढेही राहणार, असा तो दिलासा असेल तर ते 'भूयासम्'च झाले. अभिनिवेश गेला नाही, त्याने वेदान्ताची भाषा शिकली. माझ्या मते प्रवचनांतला निम्मा धीर याच जातीचा. गीतेतले 'न जायते म्रियते वा' (तो जन्मत नाही, मरतही नाही) हे त्या 'मी'विषयी नाहीच.

शब्दशोधक : मग 'त्याला मरणाचा अभिनिवेश आहे' असे लिहिता येईल का?

सूत्रपाठी : नको, अर्थ उलटा होईल. अभिनिवेश ज्याला धरले आहे त्याचा, म्हणून 'देहाविषयी अभिनिवेश' किंवा 'जगण्याचा अभिनिवेश'. मरणाची भीतीच म्हणायची असेल तर 'मरणभय' आहेच. विशेषण हवे असेल तर 'अभिनिविष्ट'. 'अभिनिवेशी' मराठीत रुळले आहे, पण ते हट्टी याच अर्थाने.