मदत हवी आहे: गर्दीत, जोरदार वाऱ्यात क्रूझिंग यॉट ऐनवेळी वळतच नाही

तर्रीपोहे
मंडळी, नमस्कार.

मी नागपूरचा. झिरो माइलच्या दगडापासून समुद्र कोणत्याच बाजूला जवळ नाही हे ठाऊक आहे, तेव्हा विनोद पहिल्या दोन प्रतिसादांत उरकून घ्या. प्रश्न खरा आहे आणि हाती तीनच आठवडे आहेत.

मावसभावाची मुंबईत ३६ फुटी जुनी क्रूझिंग यॉट आहे. दोन केबिन, शेगडी, पाण्याची टाकी, खाली इंजिनाचा तीन पात्यांचा न मिटणारा पंखा, वजन साडेसहा टन. मांडव्याला जाऊन मासे खाऊन परत यावं म्हणून घेतलेली. पण दादाला शर्यतीचा नाद लागला आणि माणसं कमी पडतात म्हणून आम्ही तिघं विदर्भ एक्सप्रेसने जातो. आम्ही शिकलो एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये, अंबाझरीवर, दोघांच्या एंटरप्राइज होडीत. तिथे सुकाणू हलवलं की होडी लगेच ऐकायची. ही बाई ऐकत नाही.

मागच्या शर्यतीत दुपारी वारा १८ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला, झोत २२ चे. सुरुवातीच्या ओळीवर तीसेक होड्या. स्टार्टला कमिटी बोटीच्या (शर्यतीच्या पंचांच्या नांगरलेल्या होडीच्या) टोकाशी सगळ्यांची झुंबड, तिथे आम्ही वाऱ्याच्या बाजूने तिरपे घुसायला गेलो. खालच्या (वाऱ्याआडच्या) होडीवाला 'अप, अप' ओरडत आमच्याकडे चढत आला. दादा म्हणाला टॅक करा (नाक वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला घ्या), तर विंचवर (दोरी ताणायच्या ढोलावर) जिनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) दोरीचे वेढे एकमेकांवर चढून असे आवळले की सुटेनात. कमिटी बोटीच्या नांगराचा दोर इतका जवळ आला की त्यावरचं शेवाळ दिसत होतं. कसेबसे निसटलो, तोवर हॉर्न वाजला आणि आम्ही जागच्या जागी उभे.

दुसरा प्रसंग जास्त भीतीचा. वरच्या बोयाकडे (वाऱ्याच्या बाजूच्या वळणखुणेकडे) पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून घेत) चाललो होतो, समोरून स्टारबोर्डवाली (वारा उजवीकडून, म्हणजे हक्क तिचा) आली. तिच्या मागून काढायचं ठरलं. दादाने सुकाणूचं चाक फिरवलं, अगदी अडेपर्यंत. होडी वळलीच नाही. उलट आणखी कलली आणि नाक वाऱ्याकडे करून थेट तिच्या पोटावर निघाली. त्या बिचाऱ्यांनी टॅक केली म्हणून वाचलो. आम्ही दोन फेऱ्यांचा दंड घेतला आणि शेवटून दुसरे आलो.

दादा म्हणतो सुकाणू लहान आहे, मोठं बसवू. मला वाटून राहिलं की शीडच जास्त होतं. रीफ घेतलं (शीड लहान केलं) तर आधीच जड होडी आणखी मागे पडेल, असं त्याचं म्हणणं. कोण बरोबर?

फुटाळाफेरी
पहिला विनोद माझा. भाऊ, पेडल बोट घ्या, तिला रीफ लागत नाही. बाकी वाचतोय.

खारावारा
तुम्ही बरोबर, दादा चूक. पण चूक समजण्यासारखी आहे, मी स्वतः ती दोन मोसम केली.

होडी फार कलली की रडरही (सुकाणूही) आडवं होतं. मग ते शेपूट बाजूला ढकलण्याऐवजी वर उचलायला बघतं, वरचा भाग पाण्याबाहेर येतो, पकड जाते. त्याच वेळी ताणलेलं मेनसेल (मागचं मुख्य शीड) शेपटाला वाऱ्याखाली रेटतं, म्हणजे नाक वाऱ्याकडे. एवढ्या मोठ्या कापडाशी चाकाने कुस्ती खेळून काय होणार? दुप्पट रडर बसवलं तरी तेच.

कुणाच्या मागून काढायचं असेल तर आधी मेनशीट (मेनसेलची दोरी) सोडा, भरपूर सोडा, होडी उभी होऊ द्या, मग चाक. जिनोआ भरलेलाच राहू द्या, तो नाक खाली (वाऱ्यापासून दूर) ओढतो. गर्दीत मेनशीट क्लीटमध्ये अडकवून ठेवू नका. एका माणसाच्या हातात ती असावी आणि त्याला दुसरं काम देऊ नये. तुमच्याकडे त्या क्षणी मेनशीट कुणाकडे होती?

तर्रीपोहे
कुणाकडेच नाही. मीच होतो त्या जागेवर, पण मी जिनोआचे वेढे पाहून राहिलो होतो.

खारावारा
झालं तर मग.

आता रीफ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचे १८ झाले की वेग दीडपट आणि दाब सव्वादोनपट. ३६ फुटी होडीची पाण्याला टेकलेली लांबी ३० फूट धरली तर तिचा हल स्पीड (पाणी कापत जाण्याचा कमाल वेग) साधारण ७.३ नॉट. त्यापुढे कितीही कापड लावा, ती फक्त कलते आणि आडवी घसरते. मेनला एक रीफ घ्या, जिनोआ थोडा गुंडाळा आणि गुंडाळलात की शीटची (जिनोआच्या दोरीची) कार, म्हणजे ती दोरी जिथून वळते ती सरकती कप्पी, पुढे सरकवा, नाहीतर शिडाची वरची कड फडफडत राहते. कल २० अंशांच्या आत राहिला तर पूर्ण शिडापेक्षा पुढेच जाल. आणि रीफ धक्क्यावरून निघतानाच घ्या. पाच मिनिटांचं निशाण चढल्यावर ते करणं म्हणजे तापल्या तव्यावर पीठ मळणं.

स्टार्टबद्दल एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुम्ही वरून घुसलात तेव्हा तुम्हाला हक्कच नव्हता. एकाच टॅकवर असलेल्या दोन होड्यांत वाऱ्याच्या बाजूची होडी खालच्या होडीला वाट देते, हा नियम ११. बोयापाशी आतल्या होडीला जी जागा मिळते ती स्टार्टच्या खुणेला लागू नसते, आणि नांगरलेली कमिटी बोट म्हणजे तीच खूण. खालच्याने दार लावून घेतलं, ते त्याचं बरोबरच.

तुमच्यासारख्या जड होडीने त्या टोकाला जाऊच नये. थांबलेल्या होडीला पुन्हा वेग घ्यायला अर्धं मिनिट सहज लागतं, आणि हलक्या रेसिंग होड्या तेवढ्यात शेजारून निघून जातात. टोकापासून थोडं खाली, ओळीच्या मधल्या भागाकडे जिथे भगदाड दिसेल तिथे, दुसऱ्या रांगेतून का होईना, पण पूर्ण वेगात या. पाच सेकंद उशीर चालेल, उभं राहणं चालणार नाही. पाणी कुठे वाहतंय ते आधी ओळीच्या बोयाजवळ बघून ठेवा. मुंबई बंदरात ओहोटीची ओढ चांगलीच असते, ती ओळीच्या दिशेने असली तर वेळेआधीच पलीकडे ढकलले जाल.

वरच्या बोयाला पोर्टवरून शेवटच्या क्षणी आत शिरायचा मोह टाळा. बोयाभोवतीचं, जागेचे नियम लागू होतात ते क्षेत्र होडीच्या तीन लांब्यांचं. तुमची होडी ११ मीटर, म्हणजे ३३ मीटर. पाच नॉटला तेवढं अंतर १३ सेकंदांत संपतं. साडेसहा टनाला त्यात टॅक करून वेग धरता येत नाही. आधीच स्टारबोर्डच्या रांगेत लागा, चार होड्या मागे पडलात तरी.

विंचवाली
तर्रीपोहे, वेढ्यांचं मी सांगते, कारण ते काम माझंच असतं. दोरी सैल असताना तुम्ही चार वेढे घातले असणार. आधी दोनच घाला, सैल दोरी हाताने झरझर ओढा, ताण आला की तिसरा आणि चौथा, मग हँडल. दोरी विंचवर किंचित खालून यायला हवी. वरून येत असेल तर वेढा वेढ्यावर चढणारच, कितीही जपा. आवळलेच तर दुसरी दोरी त्याच शीटला रोलिंग हिचने (ताणलेल्या दोरीवर घट्ट बसणाऱ्या गाठीने) बांधून दुसऱ्या विंचवर ताण घ्यायचा, मग वेढे सुटतात. बोटं मध्ये घालू नका. माझ्या अनामिकेचं नख अजून वाकडं आहे.

तर्रीपोहे
ताई, चारच घातले होते. कसं ओळखलं!

आणखी एक. परतीच्या वाटेवर, वारा मागून असताना, जाइबची (शेपूट वाऱ्यातून फिरवून शीड पलीकडे नेण्याची) सगळ्यांना धास्ती आहे. मागच्या वेळी बूम (मेनसेलखालचा आडवा दांडा) डोक्यावरून अशी गेली की आमच्यातला एक अजून येतो म्हणत नाही.

विंचवाली
मेनशीट मध्यापर्यंत ओढून घ्या, मग वळा, बूम पलीकडे गेली की लगेच सोडा. आणि १८ च्या वर धीर नसेल तर जाइब करूच नका, वाऱ्याकडे वळून टॅक करून त्याच दिशेला या. मागे कुणी जवळ नाही एवढं बघा. चार-पाच लांब्या जातात, माणूस जात नाही.

सीताबर्डीकर
मी समुद्रावरचा नाही, पण हौस आहे. सरावासाठी एक सुचवतो. सकाळी रेशीमबाग मैदानावर दोन दगड ठेवा, ती तुमची ओळ. मोबाइलवर पाच मिनिटं लावा. एक जण घड्याळ ओरडत राहील, बाकीचे नेहमीच्या चालीने चाला आणि शून्याला ओळीवर, न थांबता. आम्ही कॉलेजात असंच करायचो. फिरायला आलेले काका बघत राहतात, बघू द्या. मेनशीटवाल्याच्या हातात खरी दोरी द्या म्हणजे तो वेढे बघायला जाणार नाही.

तर्रीपोहे
सगळं दादाला पाठवलं. आत्ताच उत्तर आलं: 'रीफ घेऊ. मेनशीट तुझ्याकडे. पण रडरचं कोटेशन आलंय, तेही बघ.'

खारावारा
कोटेशन फाडा. त्या पैशात न मिटणाऱ्या पंख्याऐवजी मिटणारा बसवा, फरक पडेल.