नुसतं कुतूहल पुरत नाही
'मुलाखतकार मुळातच चौकस असावा लागतो, बाकी सगळं आपोआप जमतं' असं मत अनेकदा ऐकू येतं. ते मला अर्धंच पटतं. चौकसपणा हवाच, पण तो ऐकण्यात मुरावा लागतो. अमेरिकेतल्या शिकागोचे मुलाखतकार स्टड्स टर्केल घ्या. त्यांचे आईवडील भाड्याच्या खोल्या चालवायचे. तिथे उतरणारे कामगार, बेकार माणसं लॉबीत तावातावाने वाद घालायची आणि हा मुलगा कान देऊन ऐकत बसायचा. पुढे कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केलीच नाही. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर मात्र १९५२ ते १९९७, तब्बल ४५ वर्षं लोकांना बोलतं केलं.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सरकारी वसाहतीतल्या एका गरीब आईशी ते बोलत होते. टेपरेकॉर्डर तेव्हा नवलाचा. पोरांनी आईचा आवाज ऐकायचा हट्टच धरला, म्हणून टेप मागे फिरवून लावली. ऐकता ऐकता तिचा हात तोंडावर गेला. आपल्याला असं वाटतं, हे तिला स्वतःलाच आजवर ठाऊक नव्हतं, असं ती म्हणाली.