सत्तरीनंतर मांडीत प्लेट कशाला? या पोस्टला उत्तर

खाडीपलीकडे: ‘सत्तरी उलटलेल्या माणसाचे मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले, तर त्याला प्लेट, म्हणजे धातूची पट्टी, बसवणे हा निव्वळ धंदा आहे, पूर्वी पायाला वजन लावून निजवत आणि हाड जुळतच असे,’ असे काल येथे एका सदस्याने लिहिले. जुळत असे, पण कसे? पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो, हाड वाकडे सांधते आणि गुडघा आखडतो. दोन-अडीच महिने उताण्या पडलेल्या म्हातारीला पाठीच्या जखमांनी किंवा न्यूमोनियाने गाठले, की दोष मात्र वयाला दिला जातो. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचे डोके प्लेटच्याच आट्यांत घट्ट बसते, म्हणून ठिसूळ हाडातही पकड टिकते.

रापणकर: ती पोस्ट माझीच आहे. माझी मावशी शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली. तिला बसवलेली प्लेट पाचव्या महिन्यात तुटली. एक्स-रेत सगळे स्क्रू जागच्या जागी आणि पट्टी मात्र दुभंगलेली. आपल्या त्या पकडीचे आम्ही काय करावे?

खाडीपलीकडे: प्लेट तुटली, याचा अर्थ बहुधा हाड जुळलेच नव्हते. प्रत्येक पावलागणिक धातू किंचित वाकतो आणि हाडाने भार उचलला नाही, तर तो कधीतरी थकून तुटतोच. मधुमेह, तंबाखू किंवा मोडीपाशी दाटीने मारलेले स्क्रू, यांपैकी काही होते का? की मावशींना मुदतीआधीच चालवले?

रापणकर: चालवले ते मुंबईच्या चिरंजीवांनी! गणपतीला आले, आईला आरतीला उभे केले आणि वॉकर माळ्यावर टाकून परत गेले. डिस्चार्ज कार्डावरचे इंग्रजी वाचणार कोण?

माहेरवाशीण: चाकरमान्यांना झोडपणे सोपे आहे. माझ्या सासऱ्यांचा पाय गावातल्याच शहाण्यांनी हाडवैद्याकडून आवळून घेतला, त्यावर पाण्याने भरलेले फोड आले आणि कातडी सुधारेपर्यंत ऑपरेशन लांबले. तेव्हा कोल्हापूरची गाडी आणि पैसे कोणी पाहिले? आम्हीच.

रापणकर: पैसे पाठवले की कर्तव्य संपते काय? रात्री भांडे द्यायला शेजारीच उठतात.

घाटमाथा: वृद्धांना लवकर भार देऊ द्यावा, असे हल्ली पुष्कळ सर्जन म्हणतात, त्यामुळे चिरंजीवांना एवढ्यात फाशी देऊ नये. खाडीपलीकडे, प्लेट हाच एकमेव मार्ग असल्यासारखे आपणही लिहू नये. मोड सांध्यात फारशी शिरलेली नसेल, तर गुडघ्यातून हाडाच्या पोकळीत घातलेला लांब खिळाही चालतो.

खाडीपलीकडे: मान्य. मात्र सांध्याचा पृष्ठभागच फुटला असेल, तर तो तंतोतंत जुळवून प्लेट बसवण्याकडेच कल असतो. मावशींचे पुढे काय केले?

रापणकर: कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून मोडीत भरला आणि आणखी लांब प्लेट बसवली. आता ती परसात जाते.

खाडीपलीकडे: म्हणजे पुन्हा प्लेटच.

रापणकर: होय, प्लेटच, आपण पेढे वाटावेत. माझे म्हणणे एवढेच की, पहिल्यांदाच नीट बसवावी आणि सूचना मराठीत लिहून द्याव्यात.

माहेरवाशीण: दुसऱ्या ऑपरेशनला मावशींजवळ कोण होते, तेही लिहावे.

रापणकर: चिरंजीव होते, बिनपगारी रजा काढून. झाले समाधान?