पोलिसांना बोलायला माणूस हवा, पण तो धर्माचा का?

कोरडवाहू: ब्रिटन-अमेरिकेत पोलिसांसोबत चॅप्लेन, म्हणजे धीर द्यायला नेमलेले धर्मगुरू, असतात. मुळात पाद्री, पण आता इमाम, रब्बी, भिक्खूही. ब्रिटनमधले बहुतेक बिनपगारी. अपघातात कुणी गेलं की घरी निरोप सांगायला पोलिसाबरोबर जातात, दंगलीनंतर वस्तीत बसतात, ड्युटीवरून आलेल्या शिपायाचं ऐकून घेतात. अमेरिकेत त्यांची संघटना 1973 पासून आहे. आपल्या लष्करातही पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री रीतसर भरती होतात. मग पोलिसांनीच काय घोडं मारलंय?

मी बीड-धाराशिवकडचं बोलतोय. शेतकऱ्यानं गळफास घेतला की बीट हवालदार पोचतो. दोर कापायचा तो गाठ सोडून, गाठ शाबूत राहिली पाहिजे. पंच म्हणून सही मागितली की जमलेली माणसं एकेक करून मागं सरकतात. मग त्याच हवालदारानं त्याच ओसरीवर बायकोला विचारायचं, कर्ज किती, कुणाचं? सरकारी मदत एक लाखाची (30 हजार हातात, 70 हजार ठेवीत), आणि पात्र-अपात्र ठरवताना हे सगळे कागद बघतात. ती रडतेय आणि हा लिहितोय. संध्याकाळी पुन्हा बंदोबस्त. दोघांपाशी बसायला कुणी नाही.

तर्कट: दुखणं खरं, औषध चुकीचं. ठाण्यात आधीच देव्हारा आहे, सत्यनारायण होतो. आता महाराज नेमणार? अन् कुठल्या जातीचा? आपल्याकडं फौजदाराचं आडनाव बघून लोक ठरवतात, हा आपला की त्यांचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो ठाण्याच्या भिंतीवर लावा.

रिटायर हवालदार: भिंतीवर लई नंबर हायेत दादा. शिपाई फोन करत नाही. सिव्हिलला मानसोपचारवाल्याकडं गेला की दुसऱ्या दिवशी सगळं ठाणं म्हणतंय, 'ह्याचं डोकं फिरलंय.' हत्यार काढून घेतील ही धास्ती वेगळीच.

किल्लारीच्या भूकंपाला होतो मी, 93 ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीचा बंदोबस्त उरकून पाठ टेकली अन् चारच्या सुमाराला जमीन हलली. पुढं पाऊस. ढिगाऱ्यातून माणसं काढायची, एका सरणावर कितीतरी. आमच्यासंगं एक कीर्तनकार बुवा लाकडं वाहत होते. अभंग नाही, प्रवचन नाही. रात्री आमच्यात येऊन बसायचे, तंबाखू मळायचे. त्यांच्यापाशी पोरं रडली. साहेबांपुढं कोण रडतंय?

तर्कट: काका, ते बुवा म्हणून नाही, माणूस म्हणून चांगले होते. त्यांच्या जागी 'प्रारब्धाचे भोग' म्हणणारा आला असता तर? नवरा गेलेल्या बाईला हे ऐकवणारे मी दहाव्याला पाहिलेत.

आशाताई हिंगोली: दोघंही पुरुषांचंच बोलायलात. त्या बाईपाशी कोण बसणार? बुवा ओसरीवर बसतील, ती आत चुलीपाशी असते, सासू दारात. आत जायला बाईच लागते. आणि लगेच 'आशांना सांगा' म्हणू नका. शेतकरी आत्महत्या रोखायच्या 2015 च्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आम्हीच घरोघर प्रश्नावली घेऊन फिरलो. झोप येते का, जीव नको वाटतो का, असं विचारायचं. 'हो' म्हणणारा माणूस समोर बसलेला असतो आणि आपल्या हातात पुढचं घर असतं.

नांदेडकर: नेमणूकच कशाला? पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी भिवंडीत 1988 ला पोलीस आणि वस्तीतल्या हिंदू-मुस्लिमांच्या मोहल्ला समित्या काढल्या, त्यात साधी माणसं घेतली आणि 92-93 ला मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. आपल्या शांतता समितीत मात्र तेच पुढारी, तोच चहा, सणाच्या आधी एक फोटो. ती आधी नीट करा.

कोरडवाहू: नांदेडकर, समिती दंगल टाळायला. मी दंगल किंवा मौत झाल्यानंतरचं म्हणतोय. आशाताईंचं मात्र पटलं, बायका हव्यातच. धर्माचं माणूस नको असेल तर निवृत्त शिक्षिका घ्या, माझी हरकत नाही. अट एकच: तो माणूस साहेबाच्या हाताखालचा नसावा, आणि त्याला सांगितलेलं कुठं लिहिलं जाऊ नये.

तर्कट: इथंच गाडी अडते. साक्ष्य अधिनियमात वकिलाशी झालेल्या बोलण्याला संरक्षण आहे. महाराजाला नाही, शिक्षिकेला तर नाहीच. कोर्टानं बोलावलं तर सांगावं लागेल.

रिटायर हवालदार: शिपायाला गुन्हा कबूल करायचा नसतो हो. झोप लागत नाही, एवढंच सांगायचं असतं. ते कोर्ट कशाला विचारंल?

तर्कट: आणि झोप न लागणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असेल, तर बुवांनी ही गोष्ट पोटात ठेवायची का काका?