मदत हवी आहे: मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उतरलाय, रेडिएशनमध्ये व्यायाम कसा चालू ठेवावा? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आमच्या नानांचं (सासरे, वय ६८) दिवाळीनंतर गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यातच मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढल्या. जखम छान भरली, पण डावा खांदा उतरलाय. हात समोरून त्यातल्या त्यात बरा जातो, बाजूने न्यायला गेलं की ९० अंशांच्या आतच अडतो. सदरा घालताना उजव्या हाताने डावा उचलून बाहीत सोडतात. पाठमोरे बसले की त्या बाजूचं खांद्याचं पातं बाहेर आलेलं दिसतं.

सर्जन म्हणाले, स्पायनल अ‍ॅक्सेसरी ही मेंदूकडून येणारी अकरावी नस कापलेली नाही, पण गाठी काढताना ताणली गेलीय. ती ज्याला चालवते त्या ट्रॅपेझियसमध्ये (मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंतचा स्नायू) जोर यायला काही महिने, कधी वर्षही लागतं. नाना आडवे असताना मी हात धरून नेला तर पार कानापर्यंत जातो. म्हणजे सांधा अजून आखडलेला नाही, पण हलता ठेवला नाही तर फ्रोझन शोल्डर व्हायची भीती, असं फिजिओंचं म्हणणं. सध्या भिंतीवर बोटं चढवणं, दोन्ही हातांत काठी धरून वर नेणं, आरशासमोर पाती मागे ओढणं एवढं चालू आहे. बसताना कोपराखाली उशी, त्या हातात पिशवी द्यायची नाही.

आता सहा आठवड्यांचं रेडिएशन सुरू झालंय. घरी येईपर्यंत नाना गळून जातात आणि व्यायाम राहतो. शेजारी म्हणतात, मालीशवाला लावा. त्याला मी साफ नाही म्हटलं, त्या कातडीवर काही चोळायचं नाही असं बजावलेलं आहे. नाना मात्र तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात (इथली जुनी तालीम) जोडी, म्हणजे लाकडी मुद्गल, फिरवलेले. जरा बरं वाटलं की विचारतात, "हलकी जोडी घेऊ का गं?" काय बोलणार!

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, रेडिएशनच्या दिवसांत व्यायाम थोडा थोडा वाटून केलात की सकाळीच उरकलात? रबरी पट्ट्याचा व्यायाम कधी सुरू केला? खांदा कानाकडे न उचलता हात वर जायला लागेपर्यंत आमचे फिजिओ थांबा म्हणतात. नसेची तपासणी, ईएमजी, कोणी करून घेतली का, आणि त्याने उपचारात काही फरक पडला का?

शिवाय दांडिया बाजार, रावपुरा भागात घरी येणारे, अशा पेशंटचा अनुभव असलेले फिजिओ माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मराठी समजणारे असतील तर फार बरं, नानांचं तोंड अजून नीट उघडत नाही आणि गुजरातीत तर ते समोरच्याला अजिबातच कळत नाहीत.