मदत हवी आहे: लॉगिंग अपग्रेड केलं, एका सर्व्हिसचे लॉगच गायब

वैतागलेला_जावावाला: आमची एक जार (जावाची लायब्ररी फाइल) आहे, ती चार सर्व्हिस वापरतात. त्यात लॉग लिहायला लॉगफोरजे १.२.१७ होतं, लोड वाढला की सगळे थ्रेड अपेंडरच्या (लॉग प्रत्यक्ष लिहिणाऱ्या भागाच्या) लॉकवर अडकायचे म्हणून ते काढून एसएलएफफोरजे २.० घातलं (हे नुसतं एपीआय, लिहिणारी लायब्ररी मागे वेगळी लागते). तीन सर्व्हिस व्यवस्थित, चौथीत एकही ओळ येत नाहीये, एरर पण नाही. संध्याकाळी रिलीज आहे, प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी: जावा कितवं? चौथीत मागे लॉग लिहायला लॉगबॅक आहे की अजून काही, आणि व्हर्जन? मेव्हनची (बिल्ड टूलची) डिपेंडन्सी ट्री टाका, म्हणजे कुठली लायब्ररी कुठून येते ते कळेल.

पुणेरी_थ्रेड: एवढं केलंच आहे तर सरळ लॉगफोरजे २ घ्या, असिंक लॉगर लावा म्हणजे लॉग वेगळा थ्रेड लिहितो, त्याला लागणारी डिसरप्टर लायब्ररी टाका. आमच्याकडे लॉगिंगचा प्रॉब्लेमच संपला.

सुमेधा_क: डिसेंबर २०२१ विसरलात का, लॉगफोरजे २ मधला तो मोठा सिक्युरिटी होल? २.१५ टाकलं, लगेच २.१६, मग २.१७. सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या आमच्या.

पुणेरी_थ्रेड: म्हणून काय १.२ वर बसायचं? त्याचा सपोर्ट ऑगस्ट २०१५ लाच संपलाय. आणि तो होल केव्हाच बुजवलाय.

रात्रपाळी: अहो जारमध्ये इम्प्लिमेंटेशन (लॉग लिहिणारी लायब्ररी) टाकायचंच नसतं, ते सर्व्हिसवाल्याने ठरवायचं. आधी त्यांचे लॉग तर येऊ देत.

डोंबिवली_फास्ट: लॉग शोधायला ग्राफाना लोकी लावा, फार सोपं जातं.

वैतागलेला_जावावाला: लॉग असतील तर शोधू ना! जावा ८, लॉगबॅक १.२.११, चारही ठिकाणी तेच. कन्सोल परत नीट बघितला, अगदी वर 'नो एसएलएफफोरजे प्रोव्हायडर्स वेअर फाउंड' असं आहे, पण ती वॉर्निंग आहे ना?

रात्रपाळी: तेच तर आहे सगळं! एसएलएफफोरजे २.० प्रोव्हायडर (मागची लिहिणारी लायब्ररी) जावाच्या सर्व्हिसलोडरने शोधतं, लॉगबॅक १.२ जोडणीच्या जुन्या स्टॅटिक बाइंडर पद्धतीचं, त्यामुळे २.० ला लॉगबॅक दिसतच नाही आणि ते सगळे लॉग मुकाट्याने फेकून देतं. एकतर त्या सर्व्हिसमध्ये लॉगबॅक १.३ घाला, जावा ८ वर चालतं, १.५ घेऊ नका त्याला ११ लागतं. नाहीतर जारमध्ये एसएलएफफोरजे एपीआय १.७.३६ ठेवा, ॲटइन्फो वगैरे २.० च्या नवीन मेथड वापरल्या नसतील तर. १.७ वर कंपाइल केलेला कोड २.० वरही चालतो.

वैतागलेला_जावावाला: नाही वापरल्या. पण मग बाकी तीन कशा चालतायत?

रात्रपाळी: प्रत्येक सर्व्हिसच्या पॉममध्ये (मेव्हनच्या डिपेंडन्सी लिहिलेल्या फाइलमध्ये) तुमची जार लॉगबॅकच्या वर आहे का खाली ते बघा. दोन्हीकडून एपीआय सारख्याच खोलीवर येतं, मग मेव्हन आधी लिहिलेलं घेतं: जार वर असेल तर २.०, लॉगबॅक वर असेल तर त्याचं १.७.

सुमेधा_क: आणि पॅटर्नमध्ये ओळ क्रमांक छापताय का? कोडची ओळ शोधायला दर लॉगला कॉल स्टॅक तपासावा लागतो, ते फार महाग आहे. असिंकच्या आधी ते काढा.

पुणेरी_थ्रेड: असिंकनेच खरा फरक पडतो.

सुमेधा_क: लॉगबॅकच्या असिंक अपेंडरची रांग मुळात २५६ ची असते, २० टक्के जागा उरली की इन्फो आणि खालचे लॉग टाकून देतं, ते पण सांगा की.

वैतागलेला_जावावाला: चौथीतच जार वर होती! पॉममध्ये लॉगबॅक जारच्या वर लिहिलं आणि लॉग आले. तरी जार १.७.३६ वर आणूनच रिलीज करतो, उद्या कोणी पॉम हलवला तर परत तेच. ओळ क्रमांक चारही ठिकाणी आहे, तो काढून परत लोड टेस्ट लावलीये.